धावांचा डोंगर उभारणारा संघ महान असतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ट्रेंट ब्रिजवर 19 जून 2018 रोजी इंग्लंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 6 बाद 481 धावा कुटल्या आणि सामना 242 धावांनी जिंकला. अ‍ॅलेक्स हेल्स 147, जॉनी बेअरस्टो 139 आणि कर्णधार ऑईन मॉर्गनच्या अवघ्या 30 चेंडूंत 67. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली ती तोवरची सर्वोच्च धावसंख्या. याच संघाला नऊ दिवस आधी एडिंबरात स्कॉटलंडने सहा धावांनी हरवले होते. त्या दिवशीही इंग्लंडच्या फलंदाजांनी 365 केल्या होत्या, पण गोलंदाज आधीच 371 देऊन बसले होते. दोन डावांत मिळून 846 धावा. पदरात एक विजय, एक पराभव.

अशा संघाला महान म्हणावे की पाटा खेळपट्टीवरचे वाघ म्हणावे, यावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली. वाद मात्र जवळजवळ विश्वचषकाएवढाच जुना आहे.

पहिला एकदिवसीय सामना 5 जानेवारी 1971 रोजी मेलबर्नला झाला तेव्हा इंग्लंडचा डाव 190 धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने पाच गडी राखून सामना जिंकला. एका डावात किती धावा 'पुरेशा', याचा अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता. 7 जून 1975 रोजी, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, लॉर्ड्सवर इंग्लंडने भारताविरुद्ध 60 षटकांत 4 बाद 334 केल्या. डेनिस एमिसने 137 काढल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर 174 चेंडू खेळून 36 धावांवर नाबाद राहिले आणि भारत 3 बाद 132 वर थांबला. त्या खेळीची चेष्टा आजही होते, त्यामुळे त्या स्पर्धेची पुढची गोष्ट झाकली जाते. ती गोष्ट इंग्लंडची आहे. 334 करणारा हा संघ अकरा दिवसांनी हेडिंग्लीवर उपांत्य सामन्यात 93 धावांत गारद झाला. ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या गॅरी गिल्मोरने 14 धावांत सहा बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचीही 6 बाद 39 अशी घसरगुंडी झाली होती, तरी त्यांनी सामना काढला. डोंगर उभारणारा संघ आणि चषक उचलणारा संघ वेगळे असू शकतात, हे पहिल्याच स्पर्धेत दिसून गेले.

त्या काळातला निर्विवाद महान संघ क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज. व्हिव रिचर्ड्समुळे तो फलंदाजांचा संघ म्हणून डोळ्यांसमोर येतो. 1979 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 4 बाद 99 अशी स्थिती असताना रिचर्ड्स (नाबाद 138) आणि कॉलिस किंग (86) यांनी डाव सावरला, 286 झाल्या. पण सामना संपवला जोएल गार्नरने. इंग्लंड 2 बाद 183 वर होते आणि 194 वर सर्वबाद झाले. रिचर्ड्सची खेळी सगळ्यांच्या लक्षात राहिली, गार्नरचे यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारे चेंडू, जाणकारांच्याच. आणि चार वर्षांनी, 1983 च्या अंतिम सामन्यात, याच दबदब्याच्या फलंदाजीला भारताच्या 183 धावा पेलल्या नाहीत.

त्यानंतरचा मोठा टप्पा 1996 चा विश्वचषक. मैदानावरचे वर्तुळ आणि पहिल्या 15 षटकांत त्याच्या बाहेर दोनच क्षेत्ररक्षक, हा नियम त्याआधीच आला होता. श्रीलंकेने त्याचा फायदा घ्यायचा असे ठरवूनच टाकले. सनथ जयसूर्या आणि रोमेश कालुवितरणा या सलामीवीरांच्या कामाचे स्वरूप दिल्लीच्या सामन्यात सगळ्यात स्पष्ट दिसले. सचिन तेंडुलकरच्या 137 धावांमुळे भारताचे 271 झाले होते. त्या वेळी ही धावसंख्या सुरक्षित समजली जायची. श्रीलंकेने पहिल्या तीन षटकांत 42 चोपल्या. मनोज प्रभाकर हा नव्या चेंडूचा गोलंदाज, पण मार इतका पडला की दुसऱ्या हप्त्यात त्याने चक्क ऑफस्पिन टाकायला सुरुवात केली. चार षटकांत 47, आणि तो त्याचा अखेरचा एकदिवसीय सामना ठरला. कालुवितरणाच्या स्वतःच्या धावा त्या स्पर्धेत फारशा नव्हत्याच. त्याचे मोल समोरच्या कर्णधाराचे बेत उधळण्यात होते.

याच स्पर्धेत श्रीलंकेने केनियाविरुद्ध 5 बाद 398 केल्या. हा विक्रम दहा वर्षे टिकला. पण मला विचाराल तर अर्जुन रणतुंगाच्या संघाचे मोठेपण त्या 398 मध्ये नाही. ते कोलकात्यात आहे. उपांत्य सामन्यात दोन्ही सलामीवीर पहिल्याच षटकात परतले, म्हणजे ज्या जोरावर संघ इथवर आला तो जोरच गेला. तरी अरविंद डिसिल्व्हाने 47 चेंडूंत 66 काढल्या, 251 झाल्या आणि पुढे फिरकीने भारताची दाणादाण उडवली. लाहोरच्या अंतिम सामन्यात डिसिल्व्हाने आधी तीन बळी घेतले, मग नाबाद 107 केल्या आणि चषक श्रीलंकेला मिळाला.

आता ऑस्ट्रेलिया. रिकी पाँटिंगच्या 2003 च्या विश्वचषकातल्या संघाचे नाव काढले की अंतिम सामन्यातल्या 2 बाद 359 आठवतात, पाँटिंगच्या नाबाद 140 आठवतात. त्या स्पर्धेत हा संघ अकराच्या अकरा सामने जिंकला. पण त्यातले तीन सामने असे होते की दुसरा एखादा संघ घरी गेला असता. पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडविरुद्ध अँडी बिकेलने 20 धावांत सात बळी घेऊनही 205 च्या पाठलागात धावफलक 8 बाद 135 दाखवत होता. मायकेल बेव्हन एका टोकाला ठाण मांडून होता. त्याच्यासोबत बिकेलने उरलेल्या सगळ्या धावा काढल्या; 49 व्या षटकात जेम्स अँडरसनला मारलेल्या त्याच्या षटकाराने सामना फिरला आणि दोन चेंडू राखून विजय मिळाला. त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शेन बाँडने सहा बळी घेतले, 7 बाद 84 झाले. पुन्हा बेव्हन, पुन्हा बिकेल. कसेबसे 208, आणि मग ब्रेट लीने न्यूझीलंडला 112 मध्ये गुंडाळले. उपांत्य सामन्यात तर 7 बाद 212 एवढ्यावरच भागवले. बिकेल हा काही त्या संघाचा तारा नव्हता. नवव्या-दहाव्या क्रमांकावरच्या माणसाने सामना काढून द्यावा, ही श्रीमंती धावसंख्येच्या याद्यांत दिसत नाही.

उलट बाजूही याच संघाने दाखवली. 12 मार्च 2006 रोजी जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाने 4 बाद 434 केल्या, पहिल्यांदाच कोणी चारशे ओलांडले, आणि त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेने एक चेंडू राखून 9 बाद 438 करून ते मोडीत काढले. हर्शेल गिब्सच्या 175. ऑस्ट्रेलियाच्या मिक लुईसच्या दहा षटकांत 113 धावा निघाल्या. त्यांचा हुकमी वेगवान गोलंदाज ग्लेन मॅग्रा त्या सामन्यात नव्हता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये 336 आणि 346 करूनही ऑस्ट्रेलिया लागोपाठ हरली. मग वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात पुन्हा अकरा विजय, मॅग्राचे 26 बळी. 1999 ते 2011 या काळात हा संघ विश्वचषकात सलग 34 सामने अपराजित राहिला. माझ्या लेखी महानतेचा वाद इथे मिटतो. बाकीच्या संघांना याच्याशी ताडून बघावे लागते.

त्याच 2007 च्या विश्वचषकात भारताने बर्म्युडाविरुद्ध 5 बाद 413 केल्या. विश्वचषकात चारशे गाठणारा भारत हा पहिला संघ. बांगलादेशाविरुद्ध मात्र 191, श्रीलंकेविरुद्ध 185, आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेने लागोपाठच्या सामन्यांत 408 आणि 411 केल्या. पाठोपाठ ऑकलंडला पाकिस्तानसमोर 232 चे लक्ष्यही जड गेले. अशी उदाहरणे मग वाढतच गेली.

त्याला कारण नियम. 2011 मध्ये दोन्ही बाजूंनी वेगवेगळा नवा चेंडू वापरायला सुरुवात झाली. म्हणजे 50 षटके संपली तरी कोणताही चेंडू 25 षटकांपेक्षा जुना होईना. चेंडू कडक राहिला, बॅटवर छान येऊ लागला. रिव्हर्स स्विंगला, म्हणजे जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट बाजूला वळवायला, लागणारी झीज होईना आणि फिरकीपटूंची पकड कमी झाली. 2012 पासून पॉवरप्लेखेरीजच्या (क्षेत्ररक्षणावर जादा बंधने असलेली षटके सोडून उरलेल्या) षटकांतही वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवता येऊ लागले. 2015 मध्ये शेवटच्या दहा षटकांपुरता पाचवा परत मिळाला. त्यामुळे 1996 चे 398 आणि 2018 चे 481 एकाच फूटपट्टीने मोजणे मला पटत नाही. चेंडूही वेगळा, मैदानावरची माणसांची मांडणीही वेगळी.

इंग्लंडचा संघ या नियमांच्या पोटातून जन्माला आला. 2015 च्या विश्वचषकात अ‍ॅडलेडला बांगलादेशाने त्यांना बाहेर काढले, आणि तीनच महिन्यांत एजबॅस्टनवर न्यूझीलंडविरुद्ध 408 झाल्या. मॉर्गन, संचालक अँड्र्यू स्ट्रॉस आणि प्रशिक्षक ट्रेव्हर बेलिस यांनी सरळ ठरवले होते की गडी बाद झाला म्हणून वेग कमी करायचा नाही. त्याची किंमतही मोजावी लागली. मे 2017 मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पाच षटकांत 6 बाद 20. पुढच्याच महिन्यात चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात, कार्डिफच्या वापरलेल्या संथ खेळपट्टीवर 211 सर्वबाद आणि पाकिस्तानकडून सपशेल हार. टीकाकारांचा मुद्दा कार्डिफवरच उभा होता, आणि तो चुकीचा नव्हता.

2019 च्या विश्वचषकातही श्रीलंकेच्या 232 धावांचा पाठलाग करताना तेच झाले, 212 वर डाव आटोपला. मग मात्र संघ शिकला असे म्हणावे लागते. मधल्या काळात जोफ्रा आर्चर आला होता. त्याने स्पर्धेत 20 बळी घेतले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला 223 मध्ये रोखले. 14 जुलैच्या न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात ख्रिस वोक्स आणि लियम प्लंकेट यांनी तीन-तीन बळी घेतले आणि 242 चे लक्ष्य मिळाले. 4 बाद 86 वरून बेन स्टोक्स आणि जोस बटलर यांनी 110 धावांची भागीदारी केली, तीही जुन्या वळणाची, एकेरी-दुहेरी धावा चोरत. सामना 241 वर बरोबरीत, बरोबरी फोडण्यासाठीचे एकेक जादा षटक, म्हणजे सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि निकाल चौकार-षटकारांच्या संख्येवर, 26 विरुद्ध 17. हा निकष पुढे रद्द झाला, तो व्हायलाच हवा होता. दोन वर्षांपूर्वी या संघाने नाक मुरडले असते अशा धावसंख्येवर त्यांनी चषक मिळवला.

पुढे 2022 मध्ये नेदरलँड्सविरुद्ध 4 बाद 498 झाल्या, म्हणजे आकडा आणखी फुगला. 2023 मध्ये गतविजेता इंग्लंड विश्वचषकात सातव्या क्रमांकावर राहिला. लखनौला भारताच्या 229 समोर 129 सर्वबाद. खेळ बदलणारा संघ म्हणून इंग्लंडला श्रीलंकेच्या बरोबरीने बसवता येते. पाँटिंग किंवा लॉइडच्या पंगतीत नाही. एका चषकापुरते मोठेपण आणि दशकभराचा दरारा यांत फरक करावाच लागतो.

त्याच स्पर्धेतला भारत या चर्चेत बसत नाही, कारण तिथे धावाही होत्या आणि गोलंदाजीही: दक्षिण आफ्रिका 83, श्रीलंका 55, शमीचे 24 बळी, सलग दहा विजय. अंतिम सामन्यात अहमदाबादच्या संथ खेळपट्टीवर 240 झाल्या आणि ट्रॅव्हिस हेडच्या 137 ने चषक गेला. एका रात्रीने तो संघ लहान होतो असे मला वाटत नाही, पण त्याला महान म्हणताना आवाज थोडा खाली येतो हेही खरे.

जुलै 2025 पासून नियम पुन्हा बदलला आहे. पहिल्या 34 षटकांपर्यंतच दोन चेंडू, पुढची 16 षटके त्यांतल्या एकानेच टाकायची. शेवटच्या षटकांत थोडा झिजलेला चेंडू गोलंदाजाच्या हाती येईल, रिव्हर्स स्विंग पुन्हा दिसू लागेल, अशी त्यामागची अपेक्षा. चारशेच्या धावसंख्या लगेच बंद होतील असे नाही, पण त्या करणाऱ्या संघाला आता 35 व्या षटकानंतरही तेवढ्याच सहजतेने मारावे लागेल.