प्राचार्य की सचिव? कॉलेजसाठी निधी उभारणाऱ्याची वाट कुठे जाते

माजी विद्यार्थ्यांकडून, कंपन्यांकडून कॉलेजसाठी पैसा आणणाऱ्या माणसाला सोलापुरात कुणी ना कुणी म्हणतंच, "पुढचे प्राचार्य तुम्हीच!" या बोलण्यावर विसंबून राहिलं तर उमेदीची वर्षं हातची जातात.

अमेरिकेतल्या कॉलेजात देणगी विभागाचा प्रमुख प्रेसिडेंट होऊ शकतो. तिथे प्रेसिडेंटची नेमणूक विश्वस्त मंडळ करतं आणि शैक्षणिक कारभार बहुतेक ठिकाणी प्रोव्होस्ट सांभाळतो. आपल्याकडे तेच काम दोन खुर्च्यांत वाटलं गेलंय. शिकवणं, परीक्षा, शिक्षकवर्ग प्राचार्यांकडे. जागा, इमारत आणि पैसा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांकडे. निधी उभारण्याचं कसब उपयोगी पडतं ते दुसऱ्या खुर्चीला.

प्राचार्यपदाची पात्रता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत आहे: पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हे पद, अध्यापन-संशोधनाचा किमान 15 वर्षांचा अनुभव, 10 शोधनिबंध आणि 110 संशोधन गुण. खरी अडचण या 110 गुणांत आहे. वाणिज्य किंवा कला शाखेत एका शोधनिबंधाला 10 गुण, विज्ञानात 8. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांचा इतर संशोधक किती आधार घेतात याचा आकडा) असेल तर वाढीव मिळतात. पण निबंध दोघांनी लिहिला असेल तर प्रत्येकाला 70 टक्केच, म्हणजे दहाचे सात. शिवाय गुण सहापैकी किमान तीन गटांतून यावे लागतात. त्यामुळे वाणिज्यच्या प्राध्यापकाने एकट्याने 11 निबंध लिहून 110 भरले तरी तेवढ्याने भागत नाही. पुस्तक, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प यांतलं काहीतरी जोडावंच लागतं. माजी विद्यार्थी संघाच्या समन्वयकाला या तक्त्यात एकही गुण नाही. कार्यालयात निधी अधिकारी म्हणून काढलेली वर्षंही अध्यापनाचा अनुभव ठरत नाहीत. निवड झालीच तर मुदत पाच वर्षांची, आणि कामगिरी तपासून आणखी एकदा पाच वर्षं.

सचिवपदाला यांतलं काहीच लागत नाही. तिथे चालते ती संस्थेची घटना. सभासद कोण, मतदार कोण, मुदत किती, हे सगळं त्यातच असतं. म्हणून पहिलं काम, घटनेची प्रत मिळवून वाचणं. दुसरं, सभासदत्व वेळेत घेणं. निवडणूक तोंडावर आल्यावर अर्ज केला तर तो मंजूर होईपर्यंत मतदार यादी तयार झालेली असते. निवडून आल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करावा लागतो. इथे फार संस्था अडकतात. जुन्या कार्यकारिणीचा अर्ज प्रलंबित असताना नवी निवडणूक होते, वाद लागतो, बँक नव्या सह्या घ्यायला तयार होत नाही आणि आलेली देणगी खात्यात नुसती पडून राहते. हे पद बहुधा बिनपगारी असतं, तेव्हा घरखर्चाचा विचार आधी करावा.

दोन्ही खुर्च्या समोरासमोर येतात महाविद्यालय विकास समितीत. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार तिचं अध्यक्षपद व्यवस्थापनाच्या अध्यक्षाकडे किंवा त्यांच्या प्रतिनिधीकडे असतं आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. समितीत उद्योग, समाजसेवा अशा क्षेत्रांतल्या स्थानिक लोकांनाही जागा आहे. निधीच्या कामातून वर येणाऱ्याला आत शिरायला ही सगळ्यात चांगली जागा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पैशाबद्दल. पावती संस्थेच्या नावानेच फाडावी, कारण पॅन आणि 80जी नोंदणी (जिच्यामुळे दात्याला आयकरात सवलत मिळते) संस्थेची असते, कॉलेजची नव्हे. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर दात्याला 80जीची सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी कायद्याने करायच्या खर्चातून, कायम निधी (कॉर्पस) मागू नये. 2021 पासून कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरत नाहीत. प्रयोगशाळा, वसतिगृह असा ठरावीक प्रकल्प मांडावा, आणि त्याआधी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) झालेली असावी. सोलापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चादर-टॉवेलचा कारखाना मालकीचा किंवा भागीदारीचा असेल तर त्याला सीएसआरचा कायदा लागूच होत नाही. तिथे शेठजींकडे जाऊन स्वतःच मागावं लागतं. डी.बी.एफ. दयानंद कॉलेजच्या नावात दमाणी घराणं आहे, ते अशाच दानशूरपणामुळे.

जून-जुलैत, प्रवेश चालू असताना मात्र कुठल्याही पालकाकडून देणगी घेऊ नये. प्रवेशाच्या बदल्यात घेतलेली रक्कम, पावती दिली तरी, 1987 च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि जबाबदारी प्राचार्य व व्यवस्थापन दोघांवरही येऊ शकते.

चाळिशीच्या आत असलेल्या, शिकवणाऱ्या माणसाला प्राचार्यच व्हायचं असेल तर माजी विद्यार्थी संघाचं काम दुसऱ्याकडे सोपवून आधी संशोधन गुणांचा तक्ता भरायला घ्यावा. जो शिकवत नाही, त्याने संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज याच वर्षी द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.