मानशीचे दार आणि पाण्याचे वजन

गोव्यात झुआरीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, भरती संपून सुकती (ओहोटी) लागते तेव्हा मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, दहा मिनिटे उभे राहून पाहावे. आतले आणि बाहेरचे पाणी जवळजवळ एका पातळीला आलेले असते. इतका वेळ बाहेरच्या पाण्याने चौकटीवर दाबून धरलेली लाकडी दारे सैल पडतात. एक दार बोटभर उघडते, फटीतून आतले पाणी जोराने निसटते, दार पुन्हा ओढले जाते आणि चौकटीवर आपटते. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. बाहेरची पातळी वीतभर उतरली की आवाज थांबतो, दारे पूर्ण उघडतात आणि शेतातले पाणी सरळ नदीला लागते. लहानपणी आम्हाला कामाला नेणारे शेजारचे आजोबा या टकटकीला ‘दार उलयता’, म्हणजे दार बोलते, म्हणायचे.

या बोलण्यात एक अख्खे शास्त्र आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव फ्लुइड-स्ट्रक्चर इंटरॅक्शन. मराठीत द्रायू (पाणी, हवा असे वाहणारे पदार्थ) आणि संरचना यांची आंतरक्रिया म्हणता येईल. संक्षेपाने लोक एफएसआय म्हणतात, पण मराठी माणसाला त्यातून चटईक्षेत्रच आठवते, म्हणून इथे तो शब्द नको. प्रश्न मात्र साधा आहे. पाणी दाराला ढकलते, ढकललेले दार पाण्याची वाट बदलते, वाट बदललेले पाणी दाराला वेगळ्या जोराने ढकलते. मग जोर किती धरायचा? इमारतीवर सामानाचे वजन आधी ठरवून मग खांब काढता येतो, तसे इथे चालत नाही. दार कसे हलते ते कळल्याशिवाय जोर कळत नाही आणि जोर कळल्याशिवाय दार कसे हलेल ते कळत नाही.

हा पेच पहिल्यांदा दिसला तो लंबकात. 1786 मध्ये द्यु ब्वा या फ्रेंच अभियंत्याने लंबक पाण्यात बुडवून झुलवला आणि तो अपेक्षेपेक्षा संथ झुलतो हे नोंदवले. पाण्याच्या उत्प्लावनाने जितके वजन कमी व्हायला हवे तितके धरूनही हिशेब जुळेना. 1828 मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला तेच आढळले, पुढे स्टोक्सने त्याचे गणित मांडले. लंबक हलतो तेव्हा भोवतालचे पाणीही हलवावे लागते, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा जड असल्यासारखा वागतो. आदर्श पाण्यात गोळ्याच्या बाबतीत हे जास्तीचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या निम्मे भरते, आडव्या हलणाऱ्या लांब दंडगोलाच्या बाबतीत जवळजवळ सगळे. शास्त्रात याला जोड-वस्तुमान म्हणतात. खाडीत उतरून हात उघडा ठेवून पटकन हलवून पाहा, काय म्हणायचे आहे ते कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्ष वाऱ्याकडे वळले. 1878 मध्ये स्ट्रोहाल याने वाऱ्यात तार का गुणगुणते याचा अभ्यास केला. पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1879 च्या रात्री, स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल वादळात आगगाडीसकट कोसळला. तिथली चूक मुख्यतः वाऱ्याचा जोर नीट न धरल्याची आणि कच्च्या बांधणीची होती. विसाव्या शतकात फोन कार्मान याने खांबामागे आलटून पालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या ओळीचे गणित केले. विमाने आली तेव्हा पंख फडफडून मोडू लागले, आणि 1935 मध्ये थिओडोरसनने त्या फडफडीचे समीकरण दिले, जे आजही शिकवले जाते. हा भाग थोडक्यात उरकतो, कारण विमानवाल्यांनी आपल्या पोरांसाठी तो बरा सांभाळला आहे.

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्याबद्दल शिकवले जाते ते पुष्कळदा चुकीचे असते. 853 मीटरचा मुख्य गाळा आणि जेमतेम 12 मीटर रुंदी. बाजूला जाळीचे नव्हे तर सलग पत्र्याचे, 2.4 मीटर उंचीचे तुळईफलक. 1 जुलै 1940 रोजी तो खुला झाला तेव्हापासूनच वर-खाली हिंदकळत होता, आणि लोक त्याला गंमतीने ‘गॅलपिंग गर्टी’ म्हणत. 7 नोव्हेंबरच्या सकाळी ताशी सुमारे 64 किलोमीटरच्या वाऱ्यात मुख्य दोराला धरणारी एक पकड सरकली आणि पूल वर-खाली न होता पिळवटू लागला. तासाभराने तो खालच्या सामुद्रधुनीत पडला. चौकशीसाठी नेमलेल्या तिघांत फोन कार्मानही होता.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत हे अनुनादाचे उदाहरण म्हणून येते: वाऱ्याचा ताल आणि पुलाचा ताल जुळला, म्हणून पूल पडला. 1991 मध्ये बिल्लाह आणि स्कॅनलन यांनी हिशेब मांडून दाखवला. वाऱ्याचा वेग आणि वस्तूची जाडी यांवरून भोवरे किती वेळा सुटतील ते सांगणाऱ्या स्ट्रोहालच्या नियमाने त्या वाऱ्यात ते सेकंदाला साधारण एकदा सुटायला हवेत, आणि पूल पिळवटत होता पाच सेकंदांत एकदा. ताल जुळतच नव्हता. पूल स्वतःच्या हालचालीने वारा असा वळवत होता की तो वारा हालचालीला आणखी रेटा देई. झोका देणारा कुणी बाहेरचा नव्हता, झोकाच आपल्याला झोका देणारा वारा घडवत होता. मानशीचे दार सुकतीला टकटकते त्यामागे हीच जात आहे. फक्त दाराच्या बाबतीत पातळी पुढे उतरते आणि खेळ आपोआप संपतो.

मराठी वाचकाला या विषयाची खरी ओळख कोयनेतून व्हायला हवी होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप आपल्याकडे घराघरांत आठवतो, पण त्या धरणाच्या भिंतीत काय झाले हे फारसे कुणी सांगत नाही. 103 मीटर उंच धरण उभे राहिले, पण भेगा पडल्या, आणि त्या तळाशी नव्हे, तर वर, पायथ्यापासून सुमारे 66 मीटरवर, जिथे पाणी नसलेल्या बाजूचा उतार एकदम बदलतो. जुन्या पद्धतीने धरणाच्या वजनाच्या 5 टक्के आडवा जोर धरून भिंत काढली होती, आणि त्या हिशेबाने तिथे ताण येणेच अपेक्षित नव्हते.

पाण्याचा हिशेब तोपर्यंत वेस्टरगार्ड याच्या 1933 च्या सूत्राने होई. भूकंपात धरणासोबत पाण्याचा एक थर जणू भिंतीला चिकटून हलतो असे त्याने मानले होते. म्हणजे द्यु ब्वाचा लंबकच, आता डोंगराएवढा. पण त्यात भिंत ताठ धरलेली, आणि खरी भिंत वाकते. 1973 मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी कोयनेच्या नोंदी वापरून वाकणारी भिंत आणि तिने अडवलेले पाणी एकत्र सोडवले. कागदावर सर्वांत जास्त ताण जिथे आला तिथेच, त्या उताराच्या वळणावर, खऱ्या भेगा होत्या. पुढे धरणाच्या पाणी नसलेल्या बाजूने काँक्रीटचे टेकू उभारून उंच भाग मजबूत केले गेले. जगभरच्या धरण अभियंत्यांच्या संगणकात कोयना आजही चाचणीचे धरण म्हणून चालते. आपल्या सातारा जिल्ह्यातले गाव परदेशी प्रबंधांत इतक्या वेळा येते याची गंमतही वाटते आणि थोडा अभिमानही.

गोव्यात हा विषय आता पुलांच्या रूपाने दारात आहे. मांडवीवरचा अटल सेतू 2019 मध्ये खुला झाला, झुआरीवरच्या नव्या पुलाची पहिली बाजू 2022 च्या डिसेंबरात, आणि दोन्ही केबलवर तोललेले. (1986 च्या जुलैत कोसळलेल्या मांडवीच्या जुन्या पुलाचे दुखणे वेगळे होते, ते गंजाचे.) केबलच्या पुलांना आपल्या पावसाशी जोडणारा शोध जपानचा. ऐंशीच्या दशकात मेको-निशी पूल बांधताना दिसले की कोरड्या वाऱ्यात शांत असलेल्या केबल पाऊस आला की जोरात हलू लागतात. हिकामी आणि शिराइशी यांनी 1988 मध्ये कारण दिले: केबलवरून ओघळणारी पाण्याची बारीक धार गोल केबलचा आकारच बदलते, आणि ती धारही केबलबरोबर सरकते. मिलीमीटरभर पाणी शेकडो मीटर लांब केबलला नाचवते. उपायही तितकाच चिमुकला निघाला, आवरणावर मळसूत्री उंचवटा किंवा बारीक खळगे, म्हणजे धार एका रेषेत टिकत नाही.

हे सगळे हाताने सोडवता येत नाही, म्हणून संगणक. 1972 मध्ये चार्ल्स पेस्किन याने हृदयाच्या झडपा रक्तप्रवाहासकट सोडवण्याची पद्धत दिली. मला ही निवड फार बोलकी वाटते. झडप म्हणजे एकदिशा दार, प्रवाह उलटला की प्रवाहानेच बंद होणारे. आमची मानस तेच करते, बिनविजेची, बिनमाणसाची. भरतीने बंद, सुकतीने उघडी, आणि आत पोंयीत, म्हणजे खोलगट भागात, पावसाचे पाणी साठायला जागा. खारट पाणी शेतात न शिरता कोरगुट भात पिकते ते यावर, आणि दाराशी जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काची पावणी (लिलाव) होते तीही यावरच.

पण हिशेबाला हेच दार अवघड. विमानाचा पंख हवेपेक्षा कितीतरी जड, म्हणून आधी हवा सोडवा, मग पंख, मग पुन्हा हवा, असे आळीपाळीने चालते. लाकूड आणि पाणी यांचे वजन जवळपास सारखे. इथे दाराचे स्वतःचे वजन जोड-वस्तुमानापुढे तोकडे पडते आणि आळीपाळीचा हिशेब प्रत्येक फेरीत वाढत जाऊन फुटतो. कोझाँ, गेर्बो आणि नोबिले यांनी 2005 मध्ये दाखवले की यात संगणकाचा दोष नाही, वेळेचे टप्पे कितीही बारीक केले तरी फुटणे टळत नाही. पाणी आणि दार एकत्रच सोडवावे लागतात.

उलट बाजूही किनाऱ्यावर दिसते. 2000 च्या जूनमध्ये कांदोळीसमोर रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे सुमारे 240 मीटरचे जहाज बारा वर्षे तिथेच राहिले, आणि किनाऱ्याच्या धुपीसाठी स्थानिक लोक व अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवत राहिले. न हलणारी वस्तूही पाण्याला वळवते आणि वळलेले पाणी वाळू नेते. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या (सपाट मालवाहू नौकांच्या) लाटांनी बांधांचा चिखल सुटायचा, तो त्याचाच छोटा भाऊ. चिखलाचा, गवताचा आणि दगडाचा बांध त्या माराने आतून पोखरला जाई, आणि पुढच्या अमावास्येच्या उधाणाला दार शाबूत असले तरी पाणी बाजूच्या भगदाडातून आत येई.