राखीव दलातील सेनानी-वैमानिक

राखीव दलातील सेनानी-वैमानिक म्हणजे पोटासाठी नागरी व्यवसाय करणारा, पण राखीव दलातले आपले कमिशन, म्हणजे अधिकारीपद, टिकवून ठेवणारा, बोलावणे आले की गणवेश चढवणारा आणि याच सेवेतून ब्रिगेडियर जनरल किंवा त्यावरच्या हुद्द्याला पोहोचणारा उड्डाण-अधिकारी. ही वाट रुळली ती अमेरिकेत. भारतात कायद्याने ती खुली केली, पण हवाई बाजूला ती दहा वर्षेही धड चालली नाही. नागपुरात प्रादेशिक सेनेची (नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या नागरिकांच्या अर्धवेळ सेनेची) पलटण, वायुसेनेच्या एका कमांडचे मुख्यालय आणि फ्लाइंग क्लब असे तिन्ही आहे. तरी या तिन्हींना जोडणारी कारकीर्द इथल्या तरुणाला उपलब्ध नाही.

या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण जेम्स डूलिटल (१८९६–१९९३) यांचे. १९१७ मध्ये ते सैन्यात दाखल झाले, १९२५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतून वैमानिकी अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेतली आणि सप्टेंबर १९२९ मध्ये बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान चढवून परत उतरवून दाखवले. १९३० मध्ये त्यांनी नियमित सेवा सोडून शेल या तेलकंपनीची नोकरी धरली आणि राखीव दलात मेजरचा हुद्दा घेतला. पुढची दहा वर्षे वाया गेली असे वरवर वाटेल, पण शेलमध्ये असताना त्यांनी १०० ऑक्टेनच्या, म्हणजे उच्च दर्जाच्या, विमान-इंधनाचा पाठपुरावा केला आणि युद्धात लढाऊ विमानांना त्याचाच फायदा झाला. सैन्याबाहेर राहून सैन्याच्या कामी येणे हा राखीव अधिकाऱ्याचा खरा उपयोग, आणि तो इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. १९४० मध्ये ते पुन्हा सेवेत आले. १८ एप्रिल १९४२ रोजी ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून १६ बी-२५ बॉम्बफेकी विमाने घेऊन त्यांनी जपानवर हल्ला केला. त्यानंतर कर्नलची पायरी ओलांडून ते लेफ्टनंट कर्नलचे थेट ब्रिगेडियर जनरल झाले. युद्ध संपल्यावर लेफ्टनंट जनरल हा हुद्दा राखीव दलात कायम ठेवून ते शेलमध्ये परतले. १९८५ मध्ये निवृत्तांच्या यादीत असताना त्यांना चौथा तारा, म्हणजे पूर्ण जनरलचा हुद्दा, मिळाला.

अटलांटिकपार एकट्याने विनाथांबा उड्डाण करणारे चार्ल्स लिंडबर्गही मुळात राखीव अधिकारी. त्या उड्डाणाच्या काळात ते टपालविमाने चालवत होते. १९४१ मध्ये त्यांनी राजकीय वादातून राखीव कर्नलपद सोडले. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना ब्रिगेडियर जनरल केले. अभिनेते जेम्स स्टुअर्ट १९४१ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, युरोपात बी-२४ विमानांच्या मोहिमांवर गेले आणि १९५९ मध्ये राखीव ब्रिगेडियर जनरल झाले. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर राखीव दलात मेजर जनरल झाले. खासदार राखीव जनरलही असावा का, हा प्रश्न तिथेही वादाचा ठरला.

भारतात सुरुवात बरी झाली होती. १९३९ मध्ये युद्ध पेटताच हिंदी वायुसेनेचे स्वयंसेवक राखीव दल उभे राहिले. फ्लाइंग क्लबांत शिकलेल्या हौशी आणि नागरी वैमानिकांना त्यात घेतले गेले. मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची आदी बंदरांवर किनारी संरक्षणाच्या तुकड्या नेमून त्यांच्याकडे जुनी वापिटीसारखी विमाने सोपवण्यात आली. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या, जहाजे टिपायची, परत यायचे, असे ते कंटाळवाणे पण आवश्यक काम होते. याच राखीव दलातून प्रताप चंद्र लाल पुढे आले. ते नंतर नियमित सेवेत गेले, मधल्या काळात इंडियन एअरलाइन्सचे महाव्यवस्थापक होते आणि १९७१ च्या युद्धात वायुसेनाप्रमुख होते. राखीव दलातून आलेला माणूस सर्वोच्च पदावर पोहोचला, पण त्यासाठी त्याला राखीव दल सोडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राखीव व साहाय्यक वायुसेना कायद्याने तीन गट केले. माजी वायुसैनिकांचे नियमित राखीव दल, नागरी वैमानिक व तंत्रज्ञ यांचे हवाई संरक्षण राखीव दल आणि स्वयंसेवी नागरिकांची साहाय्यक वायुसेना. साहाय्यक वायुसेनेच्या ५१ पासून पुढच्या क्रमांकाच्या स्क्वाड्रन दिल्ली, मुंबई, मद्रास अशा मोठ्या शहरांत उभ्या राहिल्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या नियमित वायुसेनेत विलीन झाल्या. ५२ हा क्रमांक आज सूर्यकिरण या कसरतपथकाकडे आहे, हे हवाई प्रात्यक्षिकाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

नागपूर त्या यादीत नव्हते. इथे राखीव सेवा दिसते ती जमिनीवर. सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची ११८ वी पायदळ पलटण (ग्रेनेडियर्स) आहे. १८१७ च्या लढाईची ही जागा नागपूरकरांना एरवी बंद असते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला पाहायला मिळते. प्रादेशिक सेनेत अधिकारी होणाऱ्याने स्वतःचा रोजगार सांभाळून वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण घ्यायचे असते. लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती कालानुसार होते, कर्नल आणि ब्रिगेडियरसाठी निवड लागते. त्यावर वाट संपते, कारण महासंचालकपद नियमित सेनेच्या जनरलकडे असते. विमान मात्र या सगळ्यात कुठेच नाही.

वायुसेनानगरातले मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय देशभरातल्या दुरुस्ती आगारांचा आणि भांडारांचा कारभार पाहते, आणि तो पूर्णपणे नियमित अधिकाऱ्यांचा आहे. इथे राखीव तंत्रज्ञांना जागा असती तर शोभली असती. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात नागरी विमानांच्या देखभालीचे केंद्र उभे राहिल्यावर तर अधिकच. सोनेगावच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्याचे लक्ष व्यावसायिक परवान्याकडे आणि एअरलाइनच्या नोकरीकडे असते. कामठीच्या एनसीसी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत महाविद्यालयांचे प्राध्यापक एनसीसीचा हुद्दा घेऊन बाहेर पडतात, पण ते कॅडेट घडवण्यासाठी. युद्धकाळात विमान उडवण्यासाठी नव्हे.

मानद हुद्दे हा वेगळा प्रकार आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याची राखीव सेवेशी नेहमी गल्लत होते. जे. आर. डी. टाटा १९४८ मध्ये मानद ग्रुप कॅप्टन झाले, १९७४ मध्ये मानद एअर व्हाइस मार्शल. ते स्वतः वैमानिक होते. सचिन तेंडुलकर २०१० मध्ये मानद ग्रुप कॅप्टन झाले, तेव्हा उड्डाणाशी संबंध नसलेल्या खेळाडूला प्रथमच हा मान मिळाला. टाटांचा हुद्दा कागदोपत्री जनरलच्या तोडीचा असला तरी त्यामागे स्क्वाड्रनची जबाबदारी किंवा लढाईचे बोलावणे नव्हते; डूलिटल यांच्या हुद्द्यामागे दोन्ही होते.