परळचं 'अपर वरळी' होण्याआधी

लोअर परळ स्टेशनच्या आसपास गेल्या काही वर्षांत जे उंच टॉवर उभे राहिले, त्यांपैकी काहींच्या जाहिरातींत पत्ता 'अपर वरळी' असा छापलेला असतो. या नावाचं स्टेशन नाही, तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी हे नाव कधी नव्हतं. परळ म्हटलं की गिरणीचा भोंगा, चाळ आणि मोर्चा आठवतो, आणि कोट्यवधींचा फ्लॅट विकताना ती आठवण अडचणीची ठरते. एखाद्या वस्तीचं नावच नकोसं व्हावं, इथपर्यंत गोष्ट कशी आली याची ही पार्श्वभूमी.

जागतिकीकरणाने जुन्या शहरांचा चेहरा पुसला, असं आपण सहज म्हणतो. परळ-लालबागच्या या कापडगिरण्यांच्या वस्तीच्या, म्हणजे गिरणगावाच्या, बाबतीत ते अर्धंच खरं आहे, कारण गिरणगाव जन्मलं तेच जगाच्या बाजारातून. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला त्यांची कापडगिरणी सुरू झाली. यंत्रं लँकशायरची, कापूस खानदेश-वऱ्हाडचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिकडचा कापूस अडला, भाव भडकले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला. 1865 मध्ये तो फुगा फुटला, अनेक जण बुडाले, पण पुढच्या दशकांत गिरण्या वाढतच गेल्या. त्यांचं सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई.

जगाच्या त्या बाजाराला माणसं हवी होती. फरक सगळा इथे आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून हजारोंनी माणसं आली आणि येताना आपलं गाव बरोबर घेऊन आली. एकेका गावाने चाळीत खोली धरली. त्या गाळ्यात वीस-पंचवीस जण राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी झोपायला येई. ट्रंक भिंतीला, वळकटी खुंटीला. जेवणाची सोय खानावळीत. खानावळ म्हणजे दुकान नव्हे, शेजारच्याच खोलीतली एखादी बाई दहा-वीस गड्यांचं दोन वेळचं रांधायची आणि पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तोवर वाणसामान उधारीवर, व्याज सावकाराचं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाची नोंद झाली. गिरणगावाचा इतिहास संपांच्या तारखांनी सांगितला जातो. मला वाटतं, तो या बायांच्या चुलीपासूनही सांगायला हवा.

भजनी मंडळं, व्यायामशाळा, शक्ती-तुरा, परळच्या दामोदर हॉलमधली कामगारांची नाटकं, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक, 1934 पासूनचा लालबागचा राजा. मुंबईचा म्हणून जो मराठी ठसा आपण ओळखतो, त्यातला मोठा भाग या दोन-तीन मैलांतला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच वस्ती रस्त्यावर होती.

या वस्तीला हळवेपणाने धुऊन काढण्यात अर्थ नाही. दलित कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या जास्त पगाराच्या कामावर, घेतलं जात नसे. धोट्यातलं, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातलं, सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. चेहरा होता, तसे त्यावर डागही होते.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. दरम्यान कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं होतं. जुनी यंत्रं बदलण्यापेक्षा गिरणीखालची जमीन जास्त मोलाची आहे, हे मालकांच्या लक्षात आलं होतं.

मग 1991 उजाडलं. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम तसा न्याय्य होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन सुमारे 600 एकर. मुंबईसारख्या कोंडलेल्या शहराला अशी संधी पुन्हा येणार नव्हती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी एकत्रित आराखडाही सुचवला.

त्याच काळात अर्थव्यवस्था खुली झाली होती. परदेशी बँका, सल्लागार कंपन्या, जाहिरात संस्था मुंबईत जागा शोधत होत्या आणि 1995 च्या सुमारास नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत मोजली जात होती. शहराच्या मधोमध बंद पडलेल्या गिरण्यांकडे नजर वळणारच होती. 2001 मध्ये नियमात बदल झाला. आता वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या आधीपासून मोकळ्या जमिनीची होणार. शेड पाडून मोकळी झालेली जागा वाटणीत येणार नाही. गिरणीचं आवार शेडनी भरलेलं असतं, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला कोपरेच आले. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तोवर, 2005 मध्येच, मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटींना आणि दादरची कोहिनूर मिल नंबर 3 ही 421 कोटींना गेली होती.

जगाचा बाजार परळमध्ये असा दुसऱ्यांदा आला. पहिल्या खेपेला त्याला माणसं हवी होती, या खेपेला फक्त जमीन. काचेच्या इमारतीत काम करणारे कल्याण-विरारहून येतात, संध्याकाळी परत जातात. गाळा नाही, खानावळ नाही, गणपतीची वर्गणी नाही. फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या आवारात शोभेपुरतं उभं आहे. रस्ते आणि जिने मात्र जुनेच राहिले. चाळीतून गिरणीत चालत जाणाऱ्यांच्या या भागात लोकलने येणाऱ्यांचे लोंढे सुरू झाले, आणि 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचे जीव गेले. पुढच्याच वर्षी त्या स्टेशनला प्रभादेवी नाव मिळालं.

कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. म्हाडाची मोठी सोडत 2012 मध्ये निघाली, पुढेही निघाल्या, पण बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. अलीकडे सरकारने कर्जत मार्गावर शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली. जुलै 2025 मध्ये कामगार आझाद मैदानात जमले ते याच मुद्द्यावर. घर मुंबईतच हवं, जिथे गिरणी होती तिथे. अनेक अर्जांवर आता मूळ कामगाराऐवजी वारसाचं नाव आहे.