इस्पितळवाले सरदार

मध्ययुगात तलवार बाळगणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचे जे संघ निघाले, त्यांतल्या एकाचं नाव ‘हॉस्पिटलर’. काळा झगा, त्यावर पांढरा क्रूस, हाताखाली बलाढ्य किल्ले. नावाचा सरळ मराठी अर्थ मात्र ‘इस्पितळवाले’! हसू येतं, पण नाव खरं आहे. इस्पितळ आधी होतं, तलवार मागाहून आली.

१०७०च्या सुमारास इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांच्या मदतीने जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक ‘होस्पिताले’ उभं राहिलं. या लॅटिन शब्दाला तेव्हा औषधांचा वास नव्हता. अर्थ एवढाच, पाहुण्यांना उतरायची जागा. आपल्याकडची धर्मशाळाच म्हणा ना. पण महिनोन्‌महिने प्रवास करून आलेला माणूस अनेकदा आजारीच असायचा, त्यामुळे धर्मशाळेत शुश्रूषाही आलीच. १११३ मध्ये पोपने संघाला मान्यता दिली. पुढे वाटेवरच्या यात्रेकरूंचं रक्षण करता करता ही मंडळी लढाईत ओढली गेली आणि ११३६ मध्ये बेथगिबेलिनचा किल्ला त्यांच्या ताब्यात आला.

तरी मूळ काम सुटलं नाही. संघाचे ११८२ चे नियम वाचण्यासारखे आहेत. रोग्यांसाठी चार वैद्य हवेत, खाटा पुरेशा लांब-रुंद हव्यात, प्रत्येक खाटेला स्वतःचं पांघरूण आणि चादरी हव्यात. रोग्याला रात्री शौचाला जाताना थंडी वाजू नये म्हणून मेंढीच्या कातड्याचा झगा, बूट आणि लोकरी टोपी. यात्रेकरू बायकांच्या तान्ह्या बाळांसाठी वेगळे पाळणे. रोग्यांना तर ते ‘आमचे धनी’ म्हणत. संघ पुढे रोड्सला आणि १५३० मध्ये माल्टाला गेला. तिथेही त्यांनी इस्पितळ बांधलंच.

आता शब्दाकडे. ‘होस्पिताले’च्या मुळाशी आहे ‘होस्पेस’, म्हणजे पाहुणा आणि यजमानही. भाषाशास्त्रज्ञ त्याचे दोन तुकडे करतात. पहिल्याचा अर्थ परका, पाहुणा. याच तुकड्यापासून लॅटिनमध्ये ‘होस्तिस’ झाला, तो आधी परका आणि नंतर चक्क शत्रू! दारात उभा असलेला अनोळखी माणूस कोण निघेल, याची धाकधूक जुनीच दिसते. दुसरा तुकडा आपल्या घरातला आहे: संस्कृत ‘पति’, म्हणजे स्वामी, याचा तो सख्खा भाऊ. होस्पेस म्हणजे थोडक्यात ‘पाहुण्यांचा पति’.

हॉटेल आणि हॉस्टेल हीसुद्धा याच कुळातली, फ्रेंच-इंग्रजीच्या वाटेने आलेली. ‘इस्पितळ’ मात्र मराठीत पोर्तुगिजांबरोबर आलं असं मानतात. जुन्या पोर्तुगीजमध्ये ‘एस्पिताल’ असंही म्हणत. आपला मऊ ‘त’ तिथला. आणि त्याच्या आधीचा ‘पि’ उच्चारताना आपण त्या जुन्या ‘पति’चंच नाव घेत असतो.