फुटीरतावाद: एका शब्दामागचा इतिहास

पक्ष सोडणारा आमदार मराठी बातम्यांत 'फुटीर' असतो आणि देशातून बाहेर पडू पाहणारी संघटनाही 'फुटीर'च. या सरमिसळीने राजकीय चर्चेचं बरंच नुकसान केलं आहे. फुटीरतावाद म्हणजे देशाचा एखादा भाग तोडून वेगळं सार्वभौम राष्ट्र करण्याची मागणी. वेगळा विदर्भ मागणारे भारतातच नवं राज्य मागतात. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात त्याची तरतूद आहे. त्यांना फुटीर म्हणणं सरळसरळ अन्याय आहे.

घटनाकारांनी ही सीमा आधीच आखली होती. राज्यांनी आपसांत करार करून हा संघ बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही, असं डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केलं. तरीही तशी मागणी करायला बंदी नव्हती.

ती मागणी ठामपणे मांडली तमिळ नेत्यांनी. समाजसुधारक पेरियारांची स्वतंत्र द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या द्रविड भाषकांच्या वेगळ्या राष्ट्राची, कल्पना अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघम (द्रमुक) या पक्षाने १९४९पासून पुढे नेली. तेलुगू, कन्नड, मल्याळी भाषकांत तिला फारसा थारा मिळाला नाही, पण मद्रास राज्यात पक्ष वाढत गेला: १९५७मध्ये विधानसभेच्या १५ जागा, १९६२मध्ये ५०. त्याच वर्षी अण्णादुराईंनी राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात द्रविडनाडूसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. तेही भर सभागृहात, उघडपणे! आज हे वाचताना नवल वाटतं.

ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केलं. अण्णादुराई सरकारच्या पाठीशी उभे राहिले. १९६३मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली. सार्वभौमत्व आणि अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची मुभा सरकारला मिळाली, आणि निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्यांचं रक्षण करण्याची शपथ बंधनकारक झाली. शपथ नाकारली तर निवडणुकीतूनच बाद. द्रमुकने मागणी सोडली. मात्र तिच्यामागची कारणं कायम आहेत, ही अण्णादुराईंची भूमिका राहिली.

१९६७मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आला आणि फुटून निघण्याच्या दाव्याला पाठिंबा देणारं बोलणं-लिहिणंही गुन्ह्याच्या कक्षेत गेलं. त्याच वर्षी द्रमुक मद्रासमध्ये सत्तेवर आला. १४ जानेवारी १९६९ रोजी राज्याचं नाव तमिळनाडू झालं. पुढे त्याच पक्षाच्या सरकारने केंद्र-राज्य संबंधांवर राजमन्नार समिती नेमली. तिने मागितले ते राज्यांसाठी जास्त अधिकार, भारतात राहूनच.