कमोड किती उंच हवा? पांगळ्या गुडघ्यांआधीची गोष्ट

मिरजेहून गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी येणाऱ्या माणसाच्या कागदांत एक सूचना असते: मांडी घालू नये, उकिडवं बसू नये, कमोड वापरावा. माझ्या आईच्या कागदातही ती होती. कमोड किती उंच असावा, हे मात्र त्यात नव्हतं. आम्ही दुकानात जाऊन बरा दिसणारा कमोड आणला, गवंड्यानं तो एका दिवसात बसवला, आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की उठताना आई दाराची कडी धरते आहे. कडी निसटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

हा प्रश्न आमच्या घराला आधी सुचला नाही, याची मुळं जुनी आहेत. आपल्याकडे संडासाचा विचार झाला तो घाण, रोगराई आणि पाणी यांच्या अंगानं. बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या अंगानं तो फार उशिरा सुरू झाला.

खेड्यात पाणंद होती आणि हातात टमरेल. गावांतल्या वाड्यांत मागल्या बाजूला टोपलीचे संडास होते, आणि ती टोपली दुसऱ्या माणसाला डोक्यावरून वाहून न्यावी लागे. मुंबई राज्यानं १९४९ साली बर्वे समिती नेमली ती या सफाई कामगारांच्या हालअपेष्टा पाहण्यासाठी. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला १९९३ उजाडलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीत स्वस्त संडासांचे प्रयोग केले, तेही याच अन्यायाच्या चिडीतून. त्या सगळ्या धडपडीपुढे बैठकीची उंची हा विषयच नव्हता, आणि ते समजण्यासारखं आहे.

मग आलं २००० साल. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. त्यांच्या पुढाकारानं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. सांगली-साताऱ्याच्या गावांनी त्यात जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान आहे. हगणदारी हटली, बायकांचं अंधाराची वाट पाहणं थांबलं. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आलं, घरामागे १२,००० रुपयांचं अनुदान आलं. पण या सगळ्या वर्षांत गावोगावी उभं राहिलं ते मुख्यतः एकाच घाटाचं बांधकाम: जेमतेम माणूस मावेल अशी खोली, जमिनीत बसवलेलं भांडं आणि दाराशी दोन-तीन पायऱ्या.

त्या पायऱ्यांनाही कारण होतं. भांड्यातून शोषखड्ड्याकडे उतार मिळावा म्हणून जोतं वर घ्यावं लागे. भांडं जमिनीतलं का, तर जास्त उताराचं ते भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हा हिशोब महत्त्वाचा होता. कमोडला एका वेळी सहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागायचं. म्हणून तेव्हाची निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मात्र २००० साली चाळिशीत असलेली बाई आज पासष्टीची आहे. तिचे गुडघे झिजलेत, पायऱ्या तीनच्या तीन आहेत, आणि भांडं अजून जमिनीत आहे.

उंचीचे आकडे आले दुसरीकडून. कुंभारकामातून एकसंध तयार होणारा, जमिनीवर उभा राहणारा कमोड इंग्लंडात १८८० च्या दशकात रुळला. त्याची पंधरा-सोळा इंचांची उंची हळूहळू जगभर नेहमीची झाली. तो धडधाकट माणसाच्या सोयीचा होता. पहिला वेगळा आकडा आला अमेरिकेत, १९६१ साली. इलिनॉय विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या टिमोथी न्यूजेंट यांच्या पुढाकारानं इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठीचं मानक तयार झालं. त्यात संडासाची सीट जमिनीपासून २० इंचांवर असावी असं होतं. व्हीलचेअरची बैठक साधारण तेवढीच उंच असते. दोन्ही बैठकी एका पातळीत असल्या की खुर्चीतून आडवं सरकता येतं.

पण सगळे अपंग व्हीलचेअरवर नसतात. ठेंगण्या माणसाचे पाय २० इंचांवर लोंबकळतात, मांडीखाली रग लागते, तोल राहत नाही. म्हणून १९८० च्या सुधारित मानकात हा आकडा १७ ते १९ इंचांवर आणला गेला, आणि पुढे अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्याखालच्या नियमांतही तो टिकला.

आपल्याकडे २००४ च्या आदर्श इमारत उपविधींत, म्हणजे बांधकामाच्या नमुना नियमांत, ५० सेंटिमीटरची सीट लिहिली गेली, म्हणजे जवळपास तो जुना २० इंची आकडाच. त्याच उपविधींत दीड मीटर बाय पावणेदोन मीटरची खोली, ९० सेंटिमीटरचं बाहेर उघडणारं दार आणि भिंतीपासून ५ सेंटिमीटर सुटे असणारे धरायचे दांडे आहेत. नंतर केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर झाली. अपंग हक्क कायदाही २०१६ चाच. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना जागा सहज वापरता याव्यात यासाठीचे, किमान नियम केवळ सल्ला म्हणून नकोत, ते बंधनकारक हवेत. हे सगळं सार्वजनिक जागांपुरतं. घरातल्या संडासात मोजपट्टी आपणच धरायची.

तिसरा धागा अस्थिरोगाचा. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं तेव्हापासून हे गाव आजाऱ्यांचं झालं. इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये खुब्याचा टिकाऊ कृत्रिम सांधा बसवला, तर न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांच्या गटानं १९७४ मध्ये आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला. खुबा बदलल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मांडी आणि धड यांत काटकोनापेक्षा कमी कोन होऊ द्यायचा नसतो, म्हणून बैठक गुडघ्यापेक्षा उंच लागते. कृत्रिम गुडघा बहुधा ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो, उकिडवं बसायला दीडशेच्या आसपास लागतात. १९६८ च्या सुमारास तयार झालेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय उकिडवं बसता यावं हे डोळ्यांपुढे ठेवूनच घडवला होता. गुडघ्याच्या सांध्याला अजून ते पुरतं जमलेलं नाही.

आता आकडा कसा ठरवायचा ते. माणसाला खुर्चीत सरळ बसवावं, तळवे पूर्ण टेकलेले, आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजावं. गुडघा-खुब्याच्या रुग्णाला त्याहून इंच-दोन इंच वर सीट हवी. व्हीलचेअरवाल्याला मात्र लवणीचं माप लागू नाही. गादी दबल्यावर खुर्चीची जी उंची राहते, तीच सीटची. माप नेहमी सीटच्या वरच्या कडेचं, आणि तयार फरशीपासूनचं. आमच्याकडे घोळ इथेच झाला. भांड्याची उंची ४०० मिलिमीटर लिहिलेली होती, पण कमोड बसल्यावर त्याभोवती नवी फरशी आली आणि दीड इंच त्यातच गेला.

कमोडखाली ओटा घालायचा तर तो फक्त बुडाएवढाच असावा. अनेक घरांत गवंडी अख्खा कोपराच चार इंच उचलतात, मग पायही चार इंच वर येतात आणि उंची होती तेवढीच राहते. वर एक पायरी वाढते ती वेगळीच. भिंतीवर टांगायचा कमोड असेल तर भिंत बंद होण्याआधीच उंची ठरवता येते. नवं बांधकाम करणाऱ्यानं त्याचा जरूर विचार करावा, पण विटांच्या जुन्या भिंतीवर लोखंडी चौकट नसेल तर तो नकोच. भाड्याच्या घरात सीटवर बसणारं प्लास्टिकचं उंच कडं चालतं, किंवा जमिनीतल्या भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची. खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या नीट आहेत ना हे दर महिन्याला बघावं, ओल्या फरशीवर त्या लवकर गुळगुळीत होतात. घरात ठेंगणी आजी आणि खुबा बदललेले आजोबा दोघंही असतील, तर कमोड आजीच्या मापाचा घ्यावा आणि आजोबांसाठी वर कडं ठेवावं. उंच केलेला कमोड पुन्हा खाली आणता येत नाही.

आईची लवण साडेपंधरा इंचांवर भरली. गवंड्याला पुन्हा बोलावलं, कमोड उचलला, खाली बुडाएवढाच ओटा घातला. सीट आता सतरा इंचांवर आहे आणि उजव्या हाताला स्टीलचा दांडा. पहिल्या दिवशी ती आत गेली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. कडीचा आवाज आला नाही.